आजीच्या साड्यांची गोधडी आणि तीन दिवसांचं शिबिर: घरून काय तयार करून न्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुलैअखेरीस पाचगणीला तीन दिवसांचं निवासी क्विल्टिंग शिबिर आहे. घरचं शिलाई मशीन सोबत न्यायचंय. आजीच्या चार जुन्या सुती सहावारी साड्या आहेत आणि त्यांची चार बाय पाच फुटांची गोधडी करायचा विचार आहे. आयोजकांच्या पत्रकात ‘साहित्य आपापलं आणावं’ एवढंच आहे. पहिलीच वेळ. तर बरोबर काय न्यावं आणि आधी काय करून ठेवावं?

सामानाची यादी हा यातला लहान भाग आहे. खरी तयारी कापडाची, आणि ती निघायच्या तीन आठवडे आधी सुरू करावी लागते. पहिल्या दिवशीची संध्याकाळ, मधला पूर्ण दिवस आणि शेवटच्या दिवसाची सकाळ मिळून हातात १४-१५ तास येतात. त्यातले पाच-सहा तास साड्या कापण्यात आणि इस्त्री करण्यात गेले तर गोधडीचा वरचा थरसुद्धा पुरा होत नाही, आणि चार साड्यांचे तुकडे पिशवीत भरून परत यावं लागतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या बाबतीत हे फार होतं. म्हणून माझं सांगणं सरळ आहे: धुणं, तपासणं, खळ, कापणं हे सगळं घरी करा. शिबिरात पोचल्यावर मशीनमध्ये दोरा ओवायचा आणि टीप मारायला बसायचं.

आधी कापडाचा हिशेब. तयार माप ४८ बाय ६० इंच. सहा इंचांचे चौकोन धरले तर आडवे ८, उभे १०, एकूण ८०. चारही बाजूंना पाव इंच शिवणीत जातो, म्हणून प्रत्येक चौकोन साडेसहा इंचांचा कापायचा. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच. काठ सोडले की ३८ ते ४२ इंच हाती लागतात, म्हणजे एका पट्टीत ५ किंवा ६ चौकोन. प्रत्येक साडीतून २० चौकोन हवेत, म्हणजे साडेसहा इंची ४ पट्ट्या. नव्या कापडात हे जेमतेम २६ इंचांत भागेल. जुन्या साडीत विरलेली जागा टाळत कापावं लागतं, म्हणून प्रत्येकीतले दीड मीटर यासाठी बाजूला ठेवा. वर पाच-सहा चौकोन जादा कापा, एखादा मशीनखाली चुरगळतोच.

खालचा थर वरच्यापेक्षा सगळ्या बाजूंनी तीन इंच मोठा हवा, म्हणजे ५४ बाय ६६. साडीचे ५४ इंचांचे दोन तुकडे पन्ह्याच्या बाजूने जोडले की हे माप बसतं. दोन तुकडे म्हणजे १०८ इंच. सहावारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे २१६ इंच. थोडक्यात, एका थराला अर्धी साडी. आतले दोन थर धरले तर आणखी एक साडी. वरचा, आतले दोन आणि खालचा असे चार थर होतात, म्हणून जुन्या बायका हिला चौघडी म्हणतात. चार साड्यांत हे सगळं बसतं. विकतचं अस्तर किंवा बॅटिंग (आत घालायचा तयार मऊ थर) लागत नाही.

बॅटिंग घालायचं का, हा प्रश्न बरेच जण विचारतात. पातळ सुती बॅटिंग घातलं तर मशीनवर काम सोपं होतं, कारण ते कापडाला धरून राहतं. पण मग ती रजईकडे झुकते. साड्यांच्या थरांचा तो जड, गार, अंगाला बिलगणारा स्पर्श हवा असेल तर आतही साड्याच घाला. पॉलिस्टरची फुगीर वॅडिंग मात्र नको. आजीची मऊ साडी त्यावर ताणली जाते आणि टाक्याच्या भोकांपाशी फाटते.

आता साड्या तपासणं. या कामाला घाई चालत नाही.

साडी दिवसाउजेडी खिडकीवर धरा. उजेड सारखा झिरपला तर कापड चांगलं. मध्येच ढगासारखे फिकट, जास्त उजेड येणारे पट्टे दिसले की तिथे सूत विरलंय. सहावारीत हे ठरावीक जागी होतं: निऱ्यांच्या खाली जिथे काठ जमिनीवर आणि चपलांवर घासतो तिथे, कमरेशी खोचायच्या जागी, आणि बसताना दाबल्या जाणाऱ्या मागच्या घेरात. खांद्यावरच्या भागात पिनांची भोकं असतात. सगळ्यात टिकलेला भाग म्हणजे आत खोचायचं टोक आणि त्याच्या पुढचा पहिला घेर. वर्षानुवर्षं तो झाकलेला असतो, त्यामुळे तिथला रंगही मूळचा, गडद असतो. पदराच्या शेजारी हा तुकडा ठेवून पाहा, एकाच साडीच्या दोन छटा मिळतात. चौकोन मांडताना त्यांचा उपयोग करून घ्या.

मग बोटांची परीक्षा. दोन्ही अंगठे शेजारी शेजारी टेकवा, मध्ये इंच-दीड इंच कापड ठेवा आणि हळू बाहेर ओढा. आधी उभ्या धाग्याच्या दिशेने, मग आडव्या. चांगलं सूत किंचित ताणलं जातं आणि सोडल्यावर जागेवर येतं. जीर्ण कापडातून बारीक ‘चर्र’ असा आवाज येतो, किंवा आवाज न होता धागे सरकून जाळी पडते. आवाज आला तर तो भाग वरच्या थराला नको. फेकूही नका, आतल्या थरात तो मजेत चालतो, कारण तिथे त्याला दोन्ही बाजूंनी आधार असतो. एखादा विरलेला तुकडा वर दिसायलाच हवा असं मनात असेल, तर त्याच्या मागे मलमलचा साडेसहा इंची चौकोन ठेवा, कडेने कच्चा टाका घाला आणि दोन्ही मिळून एकच कापड समजा.

साडी खरंच सुती आहे का, हेही बघून घ्या. घरात सगळ्या ‘सुती’ म्हणूनच ठेवलेल्या असतात आणि त्यात एक टेरिकॉटची निघते. कडेचा एक धागा काढून ताटलीवर चिमट्यात धरा आणि पेटवा. सूत कागदासारखं जळतं आणि राख बोटांनी चुरडते. मिश्रण असेल तर धागा आकसतो आणि टोकाला कडक मणी होतो. अशी साडी गोधडीत घातली तर सुती कापडासाठी तापवलेल्या इस्त्रीखाली ती चुरमडते, आणि शेजारचे चौकोनही ओढून घेते.

रंगाची परीक्षा प्रत्येक साडीची वेगळी. लाल, कुसुंबी, गडद हिरव्या आणि काळ्या साड्यांवर, इरकलवर तर हमखास, भरवसा ठेवू नका, कितीही जुन्या असल्या तरी. तळहाताएवढा तुकडा आणि तेवढाच पांढरा रुमाल कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास एकत्र ठेवा. रुमाल गुलाबी झाला तर साडी वेगळी धुवा आणि पुन्हा तपासा. तिसऱ्या धुण्यालाही रंग जात असेल तर ती साडी या गोधडीतून वगळा. मीठ किंवा तुरटीच्या पाण्याने रंग पक्का होतो असं सांगतात, पण कापडावर आधीच चढलेला आणि आता सुटू लागलेला रंग त्याने धरेलच असं नाही. जिच्यावर इतके दिवस मेहनत घ्यायचीय, ती गोधडी पहिल्याच धुण्यात डागाळू देणं परवडत नाही.

काही विकत घेणार असाल, उदाहरणार्थ खालच्या थराला मांजरपाट, तर तोही धुतल्याशिवाय वापरू नका. कोरा मांजरपाट चांगलाच आटतो. धुऊन मऊ झालेल्या साडीला तो कोरा जोडला, तर पहिल्या धुण्यानंतर गोधडी खालच्या बाजूने आवळली जाते आणि वरचा थर फुगे धरतो. गरम पाण्यात एकदा भिजवून वाळवला की काम झालं. जुलैत सुती कपडा नीट वाळायला दोन दिवस जातात, म्हणून धुण्याचं काम तीन आठवडे आधीच उरका. कपडे मऊ करायचं द्रावण शेवटच्या पाण्यात घालू नका, कापड आणखी घसरतं.

सगळे काठ कापून वेगळे काढा. काठाची वीण घट्ट असते, ती वेगळी आटते आणि सुईलाही अडते. खालच्या थरात काठ ठेवून जोड दिला तर तिथे कायमची सुरकुती बसते.

कापण्याआधी खळ. जुन्या साडीचं कापड इतकं लुळं असतं की पट्टीखाली सरळ दिसतं आणि उचलल्यावर चौकोनाचा शंकरपाळा झालेला असतो. अर्धा लिटर पाण्याला एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉर घ्या. आधी थोड्या गार पाण्यात कालवा, मग उकळत्या पाण्यात ओतून ढवळा, पारदर्शक झालं की उतरवा. भाताची पेज गाळून घेतली तरी चालते. कापड बुडवून पिळा, सावलीत अर्धवट वाळवा आणि दमट असतानाच इस्त्री करा. इस्त्री कापडावर ढकलत नेऊ नका, उचलून पुढे ठेवत जा. ढकलली की उरेब दिशेने कापड ताणलं जातं आणि केलेलं सगळं वाया जातं. खळ दिलेलं कापड पावसाळ्यात फार दिवस ठेवू नये, कसर लागते आणि बुरशीचे ठिपके येतात. म्हणून हे काम निघायच्या आदल्या आठवड्यातलं.

रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा) ४५ मिलिमीटरचा, त्याखाली ठेवायची २४ बाय १८ इंचांची मॅट आणि सहा बाय चोवीस इंचांची पारदर्शक पट्टी असेल तर ८६ चौकोन दोन बैठकांत होतात. पातळ साडी असेल तर एका वेळी दोन थर ठीक, चार नकोत, खालचे सरकतात. पातं बोथट झालं की कापडात मधला एखादा धागा सुटतो. तिथे जोर लावू नका, पातं बदला. हे साहित्य नसेल तर जुन्या प्लास्टिक फाइलचा साडेसहा इंची साचा कापा, पेन्सिलने आखा आणि कात्री रेषेच्या आतून चालवा. रेषेच्या बाहेरून कापलं तर पेन्सिलची जाडी दोन्ही बाजूंना वाढते. आणि कापताना आजीच्या प्रत्येक साडीचा एक चांगला हातभर तुकडा अख्खा ठेवून द्या. सगळं कापून टाकलं की नंतर हळहळ वाटते.

चौकोन घरीच जमिनीवर मांडा. मनासारखी मांडणी झाली की फोटो काढा आणि प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे एकावर एक रचून तिला चिठ्ठी टाचा: ओळ १, ओळ २, अशा दहा. चिठ्ठी कायम डावीकडच्या पहिल्या चौकोनालाच, आणि तिच्यावर वरच्या बाजूचा बाण. तीस माणसांच्या हॉलमध्ये पंखा चालू असताना सुटे चौकोन मांडणं अशक्य आहे. तिथे मांडणी बघायची असेल तर जेवणाच्या टेबलावर घालतात ते मऊ पाठीचं प्लास्टिकचं कापड न्या. त्याच्या फलालिनीसारख्या बाजूवर सुती चौकोन पिनांशिवाय चिकटून राहतात आणि रात्री कापड तसंच गुंडाळता येतं. रचलेल्या ओळी, खालचा थर, आतले थर आणि कडेची पट्टी असं सगळं चेन असलेल्या साडीच्या कव्हरांमध्ये भरा. पारदर्शक असल्यामुळे काय कुठे आहे ते न उघडता दिसतं.

कडेची पट्टीही घरूनच करून न्या. परीघ २१६ इंच, वर कोपरे आणि जोड यांसाठी १२, म्हणजे २२८ इंच. अडीच इंच रुंदीच्या ६ पट्ट्या जोडून, मधोमध दुमडून, इस्त्री करून पुठ्ठ्यावर गुंडाळा. जोड तिरका द्या, सरळ जोड एका जागी जाड होतो. घरात नऊवारी असेल तर तिच्या लांबीतून बिनजोडाची पट्टी निघू शकते, कारण ती आठ मीटरांच्या वर असते, पण सबंध लांबीभर सूत चांगलं असेल तरच. साडीचा काठच कडेला लावायचा मोह होतो. दिसतो सुरेख, पण कोपऱ्यावर त्याचे थर इतके जाड होतात की घरगुती मशीनची सुई वाकते.

मशीनकडे वळू. सर्व्हिसिंग करायचं असेल तर पंधरा दिवस आधी, आदल्या दिवशी कधीच नाही. सर्व्हिसिंगनंतर दोऱ्याचा ताण बदललेला असतो, आणि ते शिबिरात पहिल्या टिपेला कळणं फार वाईट. परत आल्यावर चार थरांचा वीतभर तुकडा शिवून बघा. वरून दोऱ्याची गाठ दिसली तर वरचा ताण जास्त आहे, खालून दिसली तर कमी.

आणि पाव इंचाची परीक्षा. दीड इंच रुंद आणि वीतभर लांब अशा तीन पट्ट्या कापा, शेजारी शेजारी शिवा, इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर एक इंच आणि एकूण रुंदी साडेतीन इंच यायला हवी. सव्वातीन आली, तर शिवण फार आत जातेय. टीप प्रत्येक ठिकाणी एक सोळांश इंच जास्त आत गेली तर दोन्ही चौकोन तेवढे कमी होतात, म्हणजे एका जोडाला एक अष्टमांश इंच. दहा ओळींना नऊ जोड असतात, त्यामुळे गोधडी सव्वा इंचाच्या आसपास आखूड होते. आखूड होणं एक वेळ चालतं. पण काही ओळी घट्ट आणि काही सैल झाल्या तर कोपरे जुळतच नाहीत आणि मग उसवणं आलं. जुन्या कापडावर उसवणं म्हणजे भोकं. परीक्षा जमली की मशीनच्या पट्टीवर त्या जागी रंगकामाच्या कागदी टेपची जाड कड चिकटवा, कापड तिला टेकवून चालवा.

जोडाला टाक्याची लांबी सव्वादोन ते अडीच मिलिमीटर, चार थरांना तीन ते साडेतीन. सुई जोडासाठी ११ नंबर, थरांसाठी १४. एकूण सहा-आठ सुया न्या. आठ तास शिवल्यावर सुई बदलावी, आवाज ‘टक टक’ असा यायला लागला तर त्याआधीच. दोरा सुती, करडा किंवा बदामी: हे दोन रंग सगळ्या साड्यांत मिसळून जातात. लागतो किती? चौकोनांचे जोड २२-२३ मीटर, थरांच्या टिपा सुमारे २४, कड सहा. शिवणीच्या तिप्पट दोरा धरला तर १६० मीटर. दोनशे न्या आणि पाच बॉबिन भरूनच निघा. बॉबिन तुमच्याच मशीनच्या मापाच्या हव्यात, शेजारच्या मशीनच्या सारख्या दिसल्या तरी उंचीत फरक असतो आणि मग खाली दोरा गुंततो.

चार थरांसाठी वॉकिंग फूट, म्हणजे वरचं कापडही खालच्याबरोबर सरकवणारा फूट, लागतोच. साधा प्रेसर फूट वरचं कापड मागे दाबून धरतो, खालचे दाते खालचं पुढे ओढतात, आणि साडीचे थर एकमेकांवरून इतके सहज घसरतात की पाच फुटांच्या टिपेच्या शेवटी वरचा थर इंचभर जादा उरलेला असतो. वॉकिंग फूट मशीनला बसतो का हे घरीच बघा, बसवायचा स्क्रूड्रायव्हर त्याच पिशवीत ठेवा.

मशीन बांधताना सुई काढा, प्रेसर फूटखाली दुमडलेलं कापड ठेवून तो खाली सोडा, म्हणजे घाटात हादरे बसले तरी दाते आणि फूट आपटत नाहीत. गाडीत मशीन उभंच ठेवा, पुढच्या सीटमागे, गाद्या-उशांनी आवळून. पेडल आणि वायर वेगळ्या पिशवीत घालून ती पिशवी मशीनच्या हँडललाच बांधा. शिबिरांमध्ये सगळ्यात जास्त विसरली जाणारी वस्तू पेडल, आणि त्याशिवाय बहुतेक मशीन बंदच. पेडल, वायर, कात्री, पट्टी, इस्त्री या सगळ्यांवर नावाची टेप लावा. एका हॉलमधली काळी पेडलं एकसारखी दिसतात.

विजेबद्दल आयोजकांना आधीच फोन करून विचारा: माझ्या टेबलापर्यंत प्लग येतो का, इस्त्रीसाठी वेगळी लाइन आहे का, जनरेटर किंवा इन्व्हर्टर आहे का. घरगुती मशीन फार वीज खात नाही, शंभर वॉटच्या आसपास. खातात त्या इस्त्र्या. साध्या सहा अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डाची मर्यादा २३० व्होल्टला १३८० वॉट, म्हणजे एक हजार वॉटची इस्त्री लागली की बोर्ड जवळपास भरला. सोळा अँपिअरच्या लाइनवर अशा तीन चालतात, चौथी लावली की मर्यादा ओलांडते, एमसीबी पडू शकतो आणि मग अख्ख्या रांगेची मशीनं बंद. म्हणून मशीनच्या बोर्डावर इस्त्री लावू नका. पाचगणीत पावसात वीज जाते-येते. वीज गेली की मशीनचा स्विच बंद करा, इलेक्ट्रॉनिक मशीन असेल तर प्लगही काढा. परत येताना व्होल्टेज उसळतं.

उरलेलं सामान पटकन सांगते. जाड एक्स्टेन्शन बोर्ड, क्लिपचा एलईडी दिवा (हॉलमध्ये उजेड वरून आणि पाठीमागून येतो, सुईवर आपलीच सावली पडते), सीम रिपर (शिवण उसवायला), एक मोठी आणि एक धाग्याची कात्री, साठेक पिना, अंगुस्तान, पेन्सिल, कागदी टेप, मशीनचं तेल आणि ब्रश, जाड चादर आणि टॉवेल (दुमडून इस्त्रीची जागा होते), कचऱ्याची पिशवी. पिना गंजलेल्या नकोत, दमट हवेत एका रात्रीत कापडावर तपकिरी ठिपका उठतो. बसायला दोन-तीन इंचांची उशी न्या. प्लास्टिकच्या खुर्च्या बुटक्या असतात, टेबलावर मशीन ठेवलं की हात खांद्याएवढे वर येतात आणि दुसऱ्या दिवशी मान धरते. शाल, पायमोजे, चष्म्याची जादा जोडी, रोजची औषधं. डबा आणि चहा टेबलापासून दूर. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, घाबरू नका, उन्हात फिका पडतो, पण पावसात ऊन कुठलं.

तिथल्या कामाचा क्रम असा ठेवा. पहिल्या संध्याकाळी ओळी शिवायच्या. दोन-दोन चौकोनांच्या जोड्या न थांबता, दोरा न तोडता एकामागून एक मशीनखाली घाला, शेवटी कापून वेगळ्या करा. सुरुवातीला चिंधीचा एक तुकडा आधी घाला, नाहीतर पातळ साडीचा कोपरा सुई खालच्या भोकात ओढून नेते. पहिल्या ओळीच्या शिवणी डावीकडे वळवून इस्त्री करा, दुसरीच्या उजवीकडे. मग ओळी जोडताना शिवणी एकमेकींना अडकून बसतात आणि कोपरे आपोआप जुळतात. खालून दोऱ्याचं जाळं झालं तर बॉबिनला दोष देऊ नका. बहुतेक वेळा प्रेसर फूट खाली असताना दोरा ओवलेला असतो आणि तो ताणाच्या चकत्यांत बसलेलाच नसतो. फूट वर करून पुन्हा ओवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी थर अंथरायचे, आणि त्यासाठी मोठ्या टेबलाचा नंबर पहिल्याच संध्याकाळी लावून ठेवा. खालचा थर उलटा, कडेने कागदी टेपने चिकटवलेला, सपाट पण ताणलेला नाही. ताणला तर टेप काढल्यावर तो आकसतो. आतल्या थरांना शिवणीचा जोड देऊ नका, तुकडे अर्धा इंच एकावर एक चढवून कच्चा टाका घाला. तिन्ही थरांचे जोड वेगवेगळ्या जागी येतील असं बघा. मग सेफ्टी पिनांऐवजी पांढऱ्या दोऱ्याने चार-चार इंचांवर आडवे-उभे कच्चे टाके घाला, मधून सुरुवात करून. चार पातळ थर पिनांनी धरले जात नाहीत, आणि जुन्या कापडात पिनेचं भोक राहून जातं. एकट्याने दोन तास लागतात, समोर बसून कुणी हात लावला तर एक. शिबिराला जाण्याचं हेच तर कारण. तुम्हीही त्यांच्या गोधडीला हात लावा.

मशीनने फक्त तीन-तीन इंचांवर उभ्या टिपा घाला, एक शिवणीवर, एक चौकोनाच्या मधून. पंधरा टिपा होतात आणि तेवढ्याने थर कायमचे धरले जातात. मधला धावदोरा हाताने, घरी, संध्याकाळी बसून घाला. तीन दिवसांत हाताने पुरा करायला गेलात तर टाके लांब पडतात आणि बोटं सुजतात. मशीनने भरगच्च टिपा घातल्या तर गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. वीज गेल्यावर करायला म्हणून हातशिलाईची छोटी पिशवी वेगळी ठेवा: जाड सुती दोरा, ८-९ नंबरच्या आखूड सुया, अंगुस्तान. दोरा एका वेळी हातभरच घ्या, जास्त घेतला की जुन्या कापडातून ओढून ओढून झिजतो.

मशीनच नसेल, किंवा न्यायचं नसेल, तर याच साड्यांतून कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका शिवतात तशी कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, हाताने शिवता येते. त्या कडेपासून सुरुवात करून तुकडे दुमडत, टाके घालत मध्याकडे जातात. त्यात कडेची वेगळी पट्टी लागत नाही, आणि सामान एका पिशवीत मावतं.

शेवटच्या सकाळी निघायच्या दोन तास आधी मशीन बंद करा. कडेची पट्टी घाईत लावू नका, ती घरी लावता येते. सुया आणि पिना मोजून डबीत घाला, खाली पडलेल्या शोधा. कच्चे टाके शेवटची टीप झाल्यावरच काढा, एक-एक तोडून, ओढून नाही.

काम पुरं झालं की गोधडी गार पाण्यात एकदा धुवाच, आतल्या थरांत खळ राहिली तर कसर लागते. ओली गोधडी फार जड होते. एका कडेने दोरीवर टांगली तर वरचे टाके ताणून तुटतात. दोन दोऱ्या हातभर अंतरावर बांधून त्यांवर पसरा, आणि दोन-तीन तासांनी उलटा.